जेवलेला वाघ

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात माझा पीएचडीचा प्रबंध ठेवलेला आहे. काळं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं. त्यातला प्रोग्रॅम बरोबर आहे, गणित बरोबर आहे, एकूण एक तक्ता बरोबर आहे, आणि तरी तो प्रबंध सगळाच्या सगळा चुकलेला आहे. हे मला मिरजेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या दोन म्हाताऱ्यांमुळं कळलं. त्या दिवशी माझं डोकं जे तापलं ते अजून धड उतरलेलं नाही. राग कुणाकुणाचा आला म्हणून विचाराल तर यादी मोठी आहे, आणि तिच्यात पहिली मीच आहे.

आधी खेळ सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही माणदेशातले, आटपाडीच्या पुढचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं चालणारे. आता दादा, माझा भाऊ, डाळिंबाची बाग बघतो. पण आबा, म्हणजे आमचे वडील, साठी उलटली तरी दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखाकडं चालत जायचे. आमच्या गावच्या देवळाच्या कट्ट्यावर दगडात एक पट कोरलेला आहे. मोठा त्रिकोण, शेंड्यापासून खाली आलेल्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा. रेघा जिथं मिळतात तिथं सोंगट्या ठेवायच्या. वाघ तीन, मेंढरं पंधरा. वाघ म्हणजे विटकरीचे तुकडे, मेंढरं म्हणजे पांढरे खडे. मेंढरंवाला एकेक खडा पटावर आणतो, सगळे आणून झाले की मग ते सरकवतो. वाघ मेंढरावरून पलीकडच्या मोकळ्या जागेत उडी मारतो आणि ते मेंढरू खातो. मेंढरांना खाता येत नाही. त्यांनी सगळ्यांनी मिळून तिन्ही वाघांना असं कोंडायचं की एकालाही हलता येऊ नये. कोंडले की मेंढरं जिंकली, बरीच मेंढरं खाल्ली की वाघ जिंकला.

आबा कायम मेंढरं घ्यायचे आणि जिंकायचे. जत्रेला परगावची माणसं आली की नारळ फोडायच्या आधी कट्ट्यावर येऊन विचारायची, "म्हातारा हाय का?" आबा म्हातारे व्हायच्या आधीपासून लोक त्यांना म्हातारा म्हणत. ते येऊन बसले की पाठीमागं गर्दी व्हायची. शेतीत आमचं फार काही नव्हतं, राजकारणात तर काहीच नव्हतं. गावात आबांची जी काही जागा होती ती त्या दगडाच्या एका बाजूला होती.

घरात मात्र मी त्यांना हरवायची. सात-आठ वर्षांची असेन. अंगणात कोळशानं पट काढायचा, मी वाघ, ते मेंढरं. माझा वाघ एक खायचा, लगेच दुसरं, लगेच तिसरं. आबा कपाळावर हात मारून ओरडायचे, "अगं खाल्ली की गं सगळी! घरदार बसलं माझं!" मी सगळ्या गल्लीत सांगत सुटायची. अकराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि आबांनी मला सांगलीला वसतिगृहात नेऊन सोडलं. त्यानंतर मी घरी आले ती फक्त सुट्टीत.

पुढं इंजिनिअरिंग झालं, सांगलीतच कॉलेजात शिकवायला लागले, आणि पीएचडीसाठी विषय शोधायची वेळ आली. माझे मार्गदर्शक, त्यांना मी नुसतं सर म्हणते, ते म्हणाले, "बुद्धिबळावर सगळं जग काम करून बसलंय. तुमच्या मातीतलं काहीतरी आणा." मला काय, आनंदच झाला. मी वाघ-मेंढरं आणला.

असल्या कामाला आमच्याकडं शोध म्हणतात. यंत्र पटावरची एक स्थिती घेतं आणि बघतं, इथून कोणकोणत्या चाली शक्य आहेत. त्या प्रत्येक चालीनंतर समोरचा काय काय करू शकतो. मग त्यानंतर आपण काय करू शकतो. असं झाड वाढतच जातं. सगळं झाड बघायला जन्म पुरायचा नाही म्हणून ज्या फांदीवर काही लागणार नाही ती आधीच तोडायची. तासगावच्या द्राक्षवाल्यांच्या घरातला एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता, तो म्हणाला, "मॅम, ही तर आमची छाटणी." तेव्हापासून मी वर्गात छाटणीच म्हणते. शिवाय एक उलटी पद्धत असते. खेळ जिथं संपतो त्या स्थितीपासून सुरुवात करायची आणि मागं मागं येत प्रत्येक स्थितीवर शिक्का मारायचा, इथून वाघ जिंकतो, इथून मेंढरं जिंकतात, इथून कुणीच नाही. शेवटी मागं येत येत तुम्ही रिकाम्या पटापाशी पोचता आणि खेळाचा निकाल कायमचा लागतो.

हे सगळं मी मन लावून केलं. पण सगळ्यात आधी काय केलं, तर कागदावर खेळाचे नियम लिहिले. सात ओळी. आठवणीतून. एकदाही आबांना विचारलं नाही. अंगणात शंभरदा खेळलेला खेळ, त्याचे नियम मी कुणाला विचारू? मी शिकलेली ना! कपाळ माझं! सरांनी ते पान वाचलं आणि सही केली, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. आणि यंत्र तर नियम बरोबर की चूक असं कधी विचारत नाही. तुम्ही दिलेल्या सात ओळींत ते इमानानं शेवटच्या फांदीपर्यंत जातं.

निकाल आला: वाघ नीट खेळला तर मेंढरं जिंकूच शकत नाहीत. मी पेढे वाटले.

डिग्री मिळाल्यावर गावानं सत्कार ठेवला. शाळेच्या हॉलमध्ये पडदा, प्रोजेक्टर, हारतुरे. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मशीन विरुद्ध आबा असा सामना लावू. मी नको म्हणायला हवं होतं. उलट मीच लॅपटॉप जोडून दिला. वाघ माझ्या प्रोग्रॅमचे, मेंढरं आबांची. आबा नवा फेटा बांधून आले होते. ते बोटानं जागा दाखवायचे आणि मी त्यांचं मेंढरू तिथं ठेवायची. थोड्याच वेळात वाघानं एक मेंढरू खाल्लं. आबांनी शांतपणे पुढचा खडा दाखवला. त्याच वाघानं लगेच दुसरं खाल्लं. आबांचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हळूच म्हणाले, "ह्यो लगीच उठला व्हय?"

माईक माझ्या हातात होता. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आबा, कंप्यूटर दमत नसतो!" हॉल हसला. मीही हसले.

आबा तीन डाव हरले. तिसऱ्या डावानंतर मी गावाला समजावून सांगितलं, शिक्षिका ना मी, की बघा, मेंढरं जिंकू शकत नाहीत हे आता सिद्ध झालंय. मग एकजण उठून म्हणाला, "मग म्हातारा इतकी वर्सं जितला त्यो कसा?" आणि मी, त्यांची पोरगी, त्यांच्या शेजारी उभी राहून, माईकवर म्हणाले, "समोरचा चुकायचा म्हणून." आबांनी मान हलवली. फेट्याचं टोक सारखं केलं. सगळ्यांच्या टाळ्यांत त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आबांनी कट्ट्यावर बसणं सोडलं. दादा फोनवर म्हणाला, "डोळ्यानं दिसत न्हाई म्हनत्यात." मी म्हटलं, वय झालं. अशी सात वर्षं गेली. मग डोळे खरंच गेले, तेव्हा मी त्यांना मिरजेला आणून ऑपरेशन करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला डॉक्टर यायचे होते. मी चहा घेऊन वॉर्डात गेले तर आबा खाटेवर मांडी घालून बसलेले, आणि समोर पाटणकडचे एक निवृत्त सुभेदार. आबांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी, सुभेदारांच्या डाव्या. मध्ये एक्स-रेचं मोठं पाकीट, त्यावर पेननं काढलेला त्रिकोण. औषधाच्या बाटल्यांची तीन बुचं म्हणजे वाघ, हरभऱ्याचे दाणे म्हणजे मेंढरं. सात वर्षांनी आबा खेळताना दिसत होते. मला इतकं बरं वाटलं की चहा तसाच हातात धरून मी बघत उभी राहिले.

सुभेदारांच्या वाघानं एक दाणा खाल्ला आणि तो वाघ, म्हणजे ते बूच, पाकिटावर उलटं पडलं. मला वाटलं धक्का लागला. मी वाकून ते सरळ केलं.

दोघंही एकदम ओरडले. "आं आं आं!" सुभेदार म्हणाले, "आवं मॅडम, हात नका लावू! बसलाय त्यो!"

"कोण बसलाय?"

"वाघ. जेवलाय न्हवं आत्ता? जेवल्याला वाघ एक खेप बसतो. दुसरं दोन हलत्यात, ह्यो न्हाई." त्यांनी बूच पुन्हा उलटं केलं. त्याच वाघासमोर आयतं मेंढरू होतं, पण ते दुसऱ्याच बुचाला हात घालत होते. तेवढ्या एका खेपेत आबांनी दाणा सरकवून मागची जागा बुजवली. झालं. वाघाची वाट बंद.

"असा कुठं नियम आहे?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, शेजारच्या खाटेवरची बाई बघायला लागली. "कुठं लिहिलाय?"

"लिवायचं काय त्यात?" सुभेदार हसले. "पोटभर जेवल्यावर तुमी तरी लगीच उठता का? आमच्याकडंबी हाय, हितंबी हाय. बारक्या पोरांना तेवढं माफ असतंय, मिसरूड फुटस्तवर."

मी आबांकडं बघितलं. आबा एका डोळ्यानं पाकिटाकडंच बघत होते. म्हणाले, "च्या दे. गार झाला आसंल."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन दादाला फोन लावला. "तुला माहीत होतं, जेवलेला वाघ बसतो ते?"

"सगळ्यांस्नी माहीत हाय की गं."

"मग सत्काराच्या वेळी कुणी बोललं का नाही?"

तो म्हणाला, "आबांनीच खुणंनं गप केलं सगळ्यांस्नी. घरी आल्यावर म्हनले, ज्यो कुनी बोलंल त्येचं माझं संपलं. पोरीची डिग्री हाय." आणि मग, मी विचारलं नव्हतं तरी, त्यानं पुढचं सांगितलं. जाणती माणसं आबांच्या शब्दाखातर गप्प बसली, पण नंतर वाढलेल्या पोरांनी खेळ पडद्यावरच बघितला होता. आबा कट्ट्यावर बसले की ती म्हणायची, "आबा, जपून, आता समोरचा चुकायचा न्हाई बरं का!" माझं वाक्य. माझ्याच तोंडचं. आबा दोन-चारदा हसले आणि मग जायचेच बंद झाले.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या व्हरांड्यात कळलं. आबांना मी सांगलीला माझ्या घरी आणलं, जेवायला वाढलं, आणि पहिल्या घासालाच तोंड सोडलं.

"का सांगितलं नाही मला?"

"काय सांगायचं हुतं? सगळं गाव म्होरं. त्येंच्यात मी म्हनू, माझ्या पोरीचं चुकलंय?"

"त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी!"

"दुसऱ्या दिशी तू सांगलीला आलीस."

"फोन होता ना आबा! फोन!"

"फोनवर खेळ सांगत्यात व्हय?"

"बरं, ते सोडा. लहानपणी का नाही सांगितलं? माझा वाघ एकदाही बसला नाही. मी शंभर डाव खेळले तुमच्याशी!"

आबांनी भाकरी मोडली. "बारक्याचा वाघ बसत न्हाई. ज्या साली पोर मेंढरामागं चालतंय, त्या सालापास्नं त्येचा वाघ बसाय लागतो. तुझा दादा दहाव्या वर्सी चालला, त्येचा बसला. तू कवा चाललीस?"

"तुम्हीच मला वसतिगृहात टाकलंत!"

"व्हय," आबा म्हणाले. "टाकलं." आणि त्यांनी आमटी मागितली.

मला रडूच यायला लागलं, रागानं. म्हणजे मी प्रौढांच्या खेळावर म्हणून जे काही लिहिलं ते लहान पोरांना दिलेल्या सवलतीवर लिहिलं होतं. अंगणातल्या त्या सगळ्या जिंकण्यांवर मी आयुष्यभर फुशारक्या मारल्या, आणि त्या आबांनी मला दिलेल्या होत्या. चाळिशी ओलांडली तरी मी त्यांच्या लेखी बारकीच! आणि माझ्या सुट्ट्या होत्या, आठ-आठ दिवसांच्या. त्यात एक दिवस बसवून सांगायला काय झालं होतं यांना? हे मी विचारलंच. ते म्हणाले, "सुट्टीला आल्यालं पोर, त्येला काय हरवायचं?"

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले. सर शांत माणूस, आता मोठ्या पदावर आहेत, आणि प्रबंधावरून जो शोधनिबंध छापला त्यावर माझ्याबरोबर त्यांचंही नाव आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, प्रत्येक गावात नियम वेगळा असतो. तुम्ही जे नियम लिहिले त्या नियमांचं उत्तर बरोबर आहे. हा पाठभेद समजा आणि सोडून द्या."

"सर, प्रबंधाच्या नावात माणदेशातल्या मेंढपाळांचा खेळ असं लिहिलंय. मेंढपाळ हा खेळ खेळतच नाहीत. त्यांची सात-आठ वर्षांची पोरं खेळतात."

"मग काय, डिग्री परत करणार आहात का?" ते हसून म्हणाले. वाईट मनानं नाही, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. आबांनी सत्तर वर्षं ज्या नियमानं खेळ खेळला तो म्हणे पाठभेद! आणि वसतिगृहात वाढलेल्या एका पोरीनं आठवणीतून खरडलेल्या सात ओळी म्हणजे मूळ! मी म्हटलं, "सर, मी दुरुस्ती पाठवणार आहे. तुमचं नाव हवं असेल तर ठेवा, नको असेल तर काढा." ते म्हणाले, विचार करून सांगतो. ते अजून विचारच करताहेत.

वर्गात तर आणखी मजा. एका मुलीनं मोबाईलवरच्या एआयला विचारलं, वाघ-मेंढरं कसं खेळतात. त्यानं धडाधड नियम सांगितले. माझे. माझ्याच सात ओळी, जवळजवळ शब्दाला शब्द, आणि वर पुस्ती जोडली की संशोधनानुसार यात मेंढरं जिंकू शकत नाहीत. "मॅम, तुमचंच आहे!" ती पोरगी कौतुकानं म्हणाली. मी तिच्यावर उगाच खेकसले. बिचारीचा काय दोष? आबांचा नियम सगळ्या दुनियेत कुठंच लिहिलेला नव्हता. माझा मात्र आता पुसता पुसला जाणार नव्हता.

मी आठवी ओळ लिहिली. जो वाघ खातो तो पुढची एक खेप हलत नाही. एवढ्या एका ओळीनं काम केवढं वाढलं! पटावरची प्रत्येक स्थिती आता नुसती सोंगट्यांची राहिली नाही, कुठला वाघ बसलाय हेही लक्षात ठेवायला हवं. सगळे तक्ते नव्यानं. सगळे शिक्के नव्यानं. विभागातली मशीन सुट्टीभर चालू ठेवली, दोनदा बिघडली, दोनदा मी तिला शिव्या घातल्या. शेवटी मागं येत येत रिकाम्या पटापाशी आले.

मेंढरं जिंकतात. नीट खेळली तर वाघ काहीही करो, मेंढरंच जिंकतात. मी ते तीनदा तपासलं. आबा कुणाच्या चुकीमुळं जिंकत नव्हते. ते नीट खेळत होते, इतकंच.

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन गावी गेले. संध्याकाळी कट्ट्यावर माणसं जमली होती, त्यातले पाच-सात जण सत्काराला हॉलमध्ये होते. आबांना मी हाताला धरून आणलं. ते येत नव्हते. मी जवळजवळ ओढलंच. आणि उभी राहून मोठ्यानं सांगितलं की सात वर्षांपूर्वी मी तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं. मला खेळच येत नव्हता. माझ्या मशीनचा वाघ बसत नव्हता. खऱ्या नियमानं मेंढरं जिंकतात, आणि आबा जिंकले ते स्वतःच्या खेळावर जिंकले.

"गप बस!" आबा ओरडले. घरात ते कधी आवाज चढवत नाहीत, कट्ट्यावर मी पहिल्यांदाच ऐकलं. "कुनी इचारलंय तुला? सात वर्सं मी मूग गिळून बसलो ती कशापायी? सगळ्या गावाम्होरं सोताची फजिती करून घ्याया?"

"तुमची केली तेव्हा सगळं गाव होतंच की!"

"माझी काय, म्हाताऱ्याची! तुझं नाव छापलंय तिकडं!"

"मग छापलेलं चूक आहे! चूक आहे, चूक आहे, चूक आहे!" मीही ओरडले. चाळिशी ओलांडलेली बाई भर कट्ट्यावर बापाशी भांडतेय, लोकांना काय, बघायला बरंच होतं. मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "बसा. दुरुस्त केलाय. याच्याशी खेळा आणि हरवा याला सगळ्यांदेखत."

आबांनी पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मला त्येच्यासंगं न्हाई खेळायचं," ते म्हणाले. "तू बस."

कुणीतरी लॅपटॉप उचलून बाजूला ठेवला. कुणीतरी खडे गोळा करून आणले, कुणी विटकरीचे तुकडे. मी दगडाच्या या बाजूला बसले, आबा त्या बाजूला, त्यांच्या जागेवर. गर्दी त्यांच्या पाठीमागं गेली. ते एकेक मेंढरू मांडायला लागले, भराभर, नव्या डोळ्यानं. मला वाटलं होतं, मला सगळे तक्ते पाठ आहेत, निदान लवकर तरी हरणार नाही.

पाचव्या-सहाव्या चालीला एक मेंढरू उघडं पडलं. मी उडी मारून खाल्लं. आबांनी पुढचा खडा ठेवला, आणि लहानपणापासूनच्या सवयीनं माझा हात पुन्हा त्याच वाघाकडं गेला, कारण समोर दुसरं मेंढरू होतं. आबांनी हात पुढं करून माझा हात बाजूला सारला आणि विटकरीचा तो तुकडा पटावर आडवा केला.

"बसलाय त्यो," ते म्हणाले.

माझा वाघ पहिल्यांदाच बसला. मला पुढचं नीट दिसेना. मी डोळे पुसले, दुसरा वाघ हलवला, तो चुकीचा हलवला, आणि त्या एका खेपेत आबांनी वाट बुजवली. त्यानंतर फार वेळ लागला नाही. तिन्ही वाघ कोपऱ्यात कोंडले आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली. आबांनी मला जराही दया दाखवली नाही. एक खडासुद्धा सोडला नाही.

मला भयंकर राग आला. स्वतःचा, त्यांचा, मिरजेच्या त्या बुचाचा. मी खडे गोळा केले आणि म्हटलं, "आणखी एक डाव. मांडा."

आबांनी मान वर करून माझ्या मागं बघितलं. तिथं चार-पाच जण चपला काढून उभे होते.

"ऊठ आता," आबा म्हणाले. "दुसऱ्याला बसू दे."